नभोवाणीचा दरबार

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ मे रोजी, बडोद्यानेही तीच वाट धरली. या दोन तारखांची नोंद राज्यशास्त्राचा अभ्यासक एका दृष्टीने करील आणि महसूल खात्याचा दप्तरदार दुसऱ्या दृष्टीने. परंतु ज्याच्या कानांना गाण्याचे वेड आहे त्याला मात्र त्या दिवशी एक वेगळेच दालन कायमचे बंद झाले, असे वाटल्यावाचून राहणार नाही. ज्या कोल्हापुरास शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गायकीचा महामेरू आणून ठेवला आणि ज्या बडोद्यास पागा, फरासखाना व शिलेखाना यांच्या पंक्तीत 'कलावंत कारखाना' या नावाचे एक स्वतंत्र खाते पिढ्यान् पिढ्या चालत आले, त्या दोन्ही ठिकाणी गवयाची नेमणूक, त्याचा तनखा, सणावाराचे इनाम आणि वृद्धापकाळी मिळणारे वर्षासन या सर्व गोष्टी हुजुरांच्या मर्जीवर अवलंबून असल्या, तरी त्या होत्या. बडोद्याच्या त्या कारखान्यात तर कलावंतांची हजेरी, रजा आणि गैरहजेरीबद्दल कापावयाचा दंड यांचे छापील नियम होते. म्हणजे संगीताच्या दारात सरकारी कारकुनाने पाऊल टाकले ते नभोवाणीच्या काळात, हा जो एक समज आहे तो खरा नव्हे. फरक इतकाच, की तेथे कारकुनाच्या पाठीमागे एक राजा बसलेला असे, आणि तो प्रसन्न झाला म्हणजे नियमांचे पुस्तक मिटवून ठेवी.

देशातील साडेपाचशेहून अधिक संस्थाने अशा रीतीने इतिहासजमा झाली, तेव्हा त्यांच्या आश्रयाने जगणाऱ्या गायक-वादकांचे पुढे काय, हा प्रश्न घटना समितीच्या कामकाजात कोणी उपस्थित केला नाही, आणि तो तेथे उपस्थित होण्याजोगाही नव्हता. बडोद्याचे दरबारगायक फैयाजखाँसाहेब, ज्यांच्या आवाजाने आग्रा घराण्याचा डंका साऱ्या हिंदुस्थानात वाजविला, ते ५ नोव्हेंबर १९५० रोजी पैगंबरवासी झाले. संस्थान गेल्यावर दीड वर्षाने संस्थानचे भूषणही गेले. या पोकळीत जो नवा आश्रयदाता उभा राहिला त्याला मुकुट नव्हता, हत्ती-अंबारी नव्हती, आणि ज्याला प्रसन्न करावे असा चेहराही नव्हता. दिल्लीच्या पार्लमेंट स्ट्रीटवरील एका इमारतीत त्याचे तख्त होते आणि 'ऑल इंडिया रेडिओ' असे त्याचे नाव होते.

या संस्थेचा पूर्वेतिहास येथे थोडक्यातच सांगतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले; ती खाजगी कंपनी तीन वर्षांच्या आत डबघाईस आली, आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने तो कारभार आपल्या हाती घेतला. १९३५ मध्ये बी. बी. सी. तून आलेल्या लायोनेल फील्डन यांच्याकडे या खात्याची सूत्रे गेली, व पुढच्याच वर्षी जून महिन्यात 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्यास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, त्रिचनापल्ली आणि लखनौ अशी सहाच केंद्रे आली आणि देशातील परवानाधारक यंत्रांची संख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. पस्तीस कोटींच्या देशात पावणेतीन लाख यंत्रे, म्हणजे समुद्रात पडलेली मिठाची चिमूटच ती! परंतु प्रत्येक यंत्राभोवती दहा-वीस माणसे बसत असत, हे परवान्यांच्या हिशेबात कोठे दिसत नाही.

सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते असतानाच संगीताविषयीच्या सरकारी धोरणाचे पहिले पाऊल पडले, आणि ते पाऊल, स्पष्ट बोलावयाचे तर, कठोर होते. ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादास कारण झाले आहे अशा कलावंतांस नभोवाणीवर स्थान असू नये, असा दंडक घालण्यात आला. त्याचा रोख कोणावर होता हे सांगावयास नको. ज्या स्त्रियांनी, समाजाने त्यांना घराचा उंबरठा नाकारला असताना, ठुमरी, दादरा आणि ख्याल ही अमोल संपत्ती स्वतःच्या कंठात जतन करून ठेवली, त्यांच्याच तोंडासमोरचा ध्वनिक्षेपक काढून घेण्याचा तो प्रकार होता. महाराष्ट्रात आणि गोमंतकात 'बाई' हे उपपद आदराचे आहे. हिराबाई, गंगूबाई, मोगूबाई, केसरबाई ही नावे आपण ज्या भावनेने उच्चारतो तिच्यात पूज्यतेवाचून काही नसते. परंतु उत्तरेत त्याच उपपदाला निराळा वास येई. पुढे नभोवाणीच्या निवेदनांतून 'श्रीमती' ही उपाधी सर्रास रूढ झाली. एका शब्दाने किती दारे उघडतात आणि किती दारांवर पडदा पडतो, याचा हा एक मननीय दाखला आहे.

१९५२ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे या खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल दहा वर्षे, ते त्या पदावर राहिले. काशी विद्यापीठात शिकलेले, पुढे पॅरिसच्या विद्यापीठाची पंडितपदवी मिळविलेले हे महाराष्ट्रीय गृहस्थ राजकारणात जितके मुरलेले होते तितकेच, किंबहुना अधिक, संगीतात गुंतलेले होते. त्यांच्यापूर्वी आणि त्यांच्यानंतर या खात्याला पुष्कळ मंत्री लाभले; परंतु आपल्या अंमलाखालील यंत्रातून कोणता राग वाजावा आणि कोणता वाजू नये, याची रात्रंदिवस चिंता वाहणारा दुसरा मंत्री झाल्याचे मला ठाऊक नाही. देशाचे अभिजात संगीत राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढून ते सामान्य नागरिकाच्या स्वाधीन केले पाहिजे, आणि हे काम स्वतंत्र देशाच्या सरकारचे आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. या श्रद्धेचे मूळ शोधू गेल्यास ते विष्णु नारायण भातखंडे यांच्यापाशी जाऊन पोहोचते. मुंबईच्या या वकिलाने १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, घराण्याघराण्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवून छापल्या, आणि १९२६ मध्ये लखनौस मॅरिस कॉलेज उभे केले. संगीतास एक राष्ट्रीय स्वरूप प्राप्त व्हावे, ही त्यांची आयुष्यभराची तळमळ होती. १९३६ मध्ये ते निवर्तले. जे त्यांनी परिषदांतून आणि पुस्तकांतून साधू पाहिले ते केसकर विद्युल्लहरींतून साधू पाहत होते.

त्याच वर्षी, १९५२ च्या जुलै महिन्यात, दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. गायक-वादकांच्या बोलण्यात तो पहिल्यापासून 'नॅशनल प्रोग्रॅम' याच नावाने ओळखला गेला, आणि "अमुक बुवा नॅशनलला गायले" एवढे वाक्य एखाद्याच्या पत्रिकेतील राजयोगासारखे उच्चारले जाऊ लागले. शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास तो लागे व दीड तास चाले. एकच कलावंत, एकच बैठक, आणि साऱ्या देशातील केंद्रांवरून एकाच वेळी त्याचे सहक्षेपण! दिल्लीच्या लघुलहरी प्रक्षेपकावरून निघालेला स्वर मुंबई, नागपूर, धारवाड, मद्रास, कलकत्ता येथील केंद्रांनी आकाशातून झेलावा आणि आपापल्या मध्यम लहरींवरून पुन्हा सोडावा, अशी ही योजना होती. वातावरणाच्या वरच्या थरांतील चढउतार या स्वरावर आपला जुलूम चालवीत. मंद्र षड्ज मध्येच खोल विहिरीत उतरल्यासारखा नाहीसा होई आणि पुन्हा वर येई. पण ऐकणारे लोक त्या खरखरीवरही रुसत नसत.

त्या रात्रींचे चित्र आज डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे, कारण घरोघरी यंत्रे झाल्यापासून एकत्र ऐकण्याची सवयच मोडली. एखाद्या तालुक्याच्या गावी वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या घरी, पितळी कड्यांच्या दिवाणखान्यात, उंच फळीवर विणलेल्या झाकणाखाली ते यंत्र असे. टपाल कचेरीत वर्षाची फी भरून आणलेला परवाना कपाटात जपून ठेवलेला असे. जेवणे आटोपली की शेजारचे मास्तर, पोस्टमास्तर, देवळातला पुजारी, एखादा तबला शिकणारा शिंप्याचा पोरगा असे लोक येऊन सतरंजीवर बसत. हिरव्या दिव्याची पापणी उघडे, यंत्र तापे, आणि हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निवेदन होई: गायकाचे नाव, घराणे, गुरू, आजचा राग. 'इंडियन लिसनर' या खात्याच्या पत्रिकेत तो आधीच छापलेला असे, त्यामुळे जाणकार मंडळी केदार की छायानट या वादाची तयारी करूनच आलेली असत. मग तंबोरा सुरू होई. ज्या माणसांनी जन्मात कधी दरबाराची पायरी पाहिली नाही, त्यांच्यासाठी दरबार स्वतः चालत आला होता, आणि त्याने आपले जोडे उंबरठ्याबाहेर काढून ठेवले होते.

ही क्रांतीच होती, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. मैफलीला यजमान लागतो, आमंत्रण लागते, आणि आपल्या समाजात आमंत्रणाला जात लागत असे. नभोवाणीच्या मैफलीला यांतले काहीच लागत नव्हते. पडद्याआड बसून ऐकणाऱ्या स्त्रियांना येथे पडदा नव्हता. सासरी आल्यावर जिची पेटी माळ्यावर गेली ती सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बागेश्रीची संपूर्ण बढत ऐकू शकत होती, आणि तिला तेथून कोणी उठवीत नव्हते, कारण हा सरकारी कार्यक्रम होता, म्हणजेच तो सभ्य होता! सरकारी शिक्क्याचा असा उपयोग त्याआधी कोणाच्या स्वप्नातही आला नसेल.

दुसरी गोष्ट दक्षिण आणि उत्तर यांच्या परिचयाची. अरियकुडी रामानुज अय्यंगार, शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर ही नावे तोपर्यंत महाराष्ट्रात फारच थोड्यांना ठाऊक होती; शनिवारच्या त्या रात्रींनी ती घरोघरी पोहोचविली. सर्वांनी ती गोडीने ऐकली असतील असे नव्हे. त्यागराजांची कृती सुरू होताच पानाची तबके पुढे ओढणारे रसिक आपल्याकडे होते, आणि विलंबित एकतालाची पहिली दोन आवर्तने ऐकताच यंत्राची कळ फिरविणारे श्रोते मद्रासकडे असणारच. परंतु अपरिचित वाणी महिन्यातून दोनदा कानावर पडू लागली म्हणजे काही काळाने ती परकी राहत नाही. तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने मराठी कीर्तनाने दक्षिणेकडील हरिकथेला आपला रंग दिला होता आणि अब्दुल करीमखाँसाहेबांनी कर्नाटक संगीतातील सरगम आपल्या गायकीत आणली होती. या जुन्या देण्याघेण्यावरची धूळ त्या कार्यक्रमाने झटकली.

कलावंताच्या बाजूने मात्र हा अनुभव तितका सुखाचा नव्हता. त्याला आधी एक छापील करारनामा येई; त्यावर तारीख, वेळ, मानधनाचा आकडा आणि गावयाच्या रागांची यादी अगोदर कळविण्याची अट असे. दिल्लीस गेल्यावर जाड पडदे लावलेल्या, वारा कोंडलेल्या खोलीत त्याला बसावे लागे. समोर भिंतीवर घड्याळ, काचेपलीकडे यंत्रज्ञ, आणि तांबडा दिवा लागला की एक शब्दही बोलावयाचा नाही. दाद नाही, "क्या बात है" नाही, मान हलविणारा म्हातारा उस्ताद समोर नाही. जो ख्याल मैफलीत कधी पाऊण तास तर कधी दीड तास, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून, फुलविला जाई, तो येथे मिनिटांच्या मापाने कापून बसवावा लागे. काही जणांचे गाणे या बंधनाने सुकले. काहींचे, उलटपक्षी, अधिक रेखीव झाले. पसारा गेला आणि सार राहिले. एका गोष्टीचे मला नेहमी वाईट वाटते: वेळ रात्रीची असल्यामुळे साहजिकच बिहाग, मालकंस, दरबारी, बागेश्री यांचे राज्य त्या कार्यक्रमात चाले, आणि तोडी, ललत, देसकार ही सकाळची दैवते त्या राष्ट्रीय देव्हाऱ्याबाहेर ताटकळत राहत. १९५४ पासून नभोवाणीने निमंत्रित श्रोत्यांच्या समोर भरविलेली 'रेडिओ संगीत संमेलने' सुरू केली, तेव्हा गायकास त्याचे हरवलेले श्रोते पुन्हा भेटले आणि दादही ध्वनिक्षेपकातून ऐकू येऊ लागली.

आता ज्या प्रकरणाने केसकरांच्या कारकीर्दीत सर्वांत मोठे वादळ उठविले त्याकडे वळले पाहिजे. देशभरातील नभोवाणीच्या कलावंतांची नव्याने स्वरचाचणी घेऊन त्यांना श्रेणी लावाव्यात, असे ठरले, आणि या कामाची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यावर सोपविण्यात आली. रातंजनकर मुंबईचे, भातखंड्यांचे पट्टशिष्य, त्यांच्याच योजनेने बडोद्यास फैयाजखाँसाहेबांकडे शिकलेले, आणि पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजचे अनेक वर्षे प्राचार्य. विद्वत्तेत त्यांचा हात धरणारा विरळा आणि निःस्पृहतेबद्दल कोणास शंका नाही. परंतु ज्यांची तीस-चाळीस वर्षे मैफली मारण्यात गेली, ज्यांनी तीन तीन राजे पाहिले, त्या बुजुर्गांना एका मंडळासमोर बसवून "या रागाचा वादी कोणता, हा स्वर आरोहात का वर्ज्य" असे विचारू लागल्यावर काय व्हावे? घराणेदार गवयाचे ज्ञान त्याच्या गळ्यात असते, जिभेवर नसते. तो राग गाऊन दाखवील, त्याची व्याख्या सांगणार नाही. ठिकठिकाणी कलावंतांनी या चाचणीचा निषेध केला, वृत्तपत्रांतून पत्रांचा पाऊस पडला, आणि रातंजनकरांसारख्या सात्त्विक पुरुषास अतिशय कटू शब्द ऐकून घ्यावे लागले. तरीही न्यायाने दुसरी बाजू सांगितली पाहिजे. चाचणीपूर्वी कार्यक्रम मिळत तो केंद्राच्या अधिकाऱ्याशी असलेल्या ओळखीवर. चाचणीनंतर, निदान तत्त्वतः, तो श्रेणीवर मिळू लागला. ज्याचा गुरू प्रसिद्ध नाही, ज्याच्या पाठीशी संस्थानिक नाही, अशा खेड्यातल्या सनईवाल्यालाही अर्ज करण्याचा हक्क मिळाला. पुढे परीक्षकांस नाव न कळता केवळ आवाज ऐकविण्याची पद्धत आली. दरबारात असा हक्क कोणाला होता?

केसकरांचे एक मत मात्र मला कधीच पटले नाही. संगीताचा ऱ्हास झाला तो ते उस्तादांच्या हाती गेल्यामुळे, त्यांनी ते अध्यात्मापासून तोडले आणि घराण्यांच्या भिंतींआड लपविले म्हणून, असा त्यांचा रोष होता. महाराष्ट्राच्या माणसाने तरी असे म्हणू नये! भास्करबुवा बखल्यांनी फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन उस्तादांच्या पायांशी बसून विद्या घेतली; अब्दुल करीमखाँसाहेबांनी मिरजेस राहून सवाई गंधर्व घडविले आणि सवाई गंधर्वांनी गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी; आणि स्वतः भातखंड्यांच्या पुस्तकांतील शेकडो चिजा कोणी दिल्या, तर उस्तादांनीच. आपल्या घरातील प्रत्येक तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एखाद्या खाँसाहेबाच्या हाताचा ठसा आहे. जो मंत्री शनिवारच्या रात्री बडे गुलाम अलीखाँसाहेबांसारख्यांचे स्वर साऱ्या देशास ऐकवू शकत होता, त्याने आपल्या लेखणीने त्याच परंपरेवर असा ठपका ठेवावा, याचे दुःख होते.

चित्रपटगीतांशी झालेला संघर्ष सर्वश्रुत आहे. केसकरांनी नभोवाणीवरील सिनेगीतांचे प्रमाण खूपच घटविले आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय असे ठरवून ते बंद केले. निर्मात्यांनी उलट आपल्या गीतांच्या वापराची परवानगी मागे घेतली. महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी सिंहलद्वीपात उभारलेला एक बलाढ्य प्रक्षेपक तोवर रेडिओ सिलोनच्या हाती आला होता. भारतीय श्रोते थवेच्या थवे तिकडे वळले. १९५२ च्या अखेरीस तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी यांच्या आवाजातील हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोस जात, आणि मुंबईचीच गाणी समुद्रावरून परत मुंबईच्या चाळीत येत. बुधवारची रात्र कोलंबोची झाली आणि शनिवारची दिल्लीची. लोकांनी दोन्ही ऐकल्या. बंदीने अभिरुची घडत नाही, हे केसकरांना अखेर मान्य करावे लागले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांच्याच कारकीर्दीत विविध भारतीचा आरंभ झाला.

परंतु या संघर्षातूनच एक अत्यंत मंगल गोष्ट निघाली आणि तिचा लाभ महाराष्ट्राला सर्वांत अधिक झाला. सिनेगीतांची जागा भरून काढण्यासाठी केंद्राकेंद्रांतून कवी आणि संगीतकार यांना एकत्र आणून सुगम संगीत निर्माण करण्याचे धोरण आखले गेले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्रावर, सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचा प्रारंभ झाला. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर गीते व्हावयाची होती. त्या वर्षी अधिक मास आला आणि ती संख्या ५६ वर गेली. सकाळी यंत्रापुढे उदबत्ती लावून, नारळ फोडून बसणारी माणसे त्या काळात होती. दिल्लीच्या दप्तरात निघालेल्या एका हुकमाचे पुण्यात असे फळ यावे, ही त्या हुकमाच्या कर्त्यालाही कल्पना नसेल.

दिल्लीस याच सुमारास राष्ट्रीय वाद्यवृंदाचा प्रयोग चालू होता. रविशंकर १९४९ मध्ये नभोवाणीत रुजू झाले होते. त्यांनी भारतीय वाद्यांचा मेळ बसवून, एकेकट्याने वाजविण्याची शेकडो वर्षांची सवय असलेल्या वादकांस एकत्र श्वास घ्यावयास शिकविले. १९५६ मध्ये ते नभोवाणी सोडून गेले आणि बासरीवादक पन्नालाल घोष मुंबईतील आपला व्याप आवरून त्या वाद्यवृंदाचे संचालन करण्यासाठी दिल्लीस आले. तेथेच १९६० मध्ये त्यांचा अंत झाला.

राहता राहिली पेटीची कथा. ती केसकरांच्याही आधीची आहे, परंतु तिच्यावाचून हा वृत्तान्त पुरा होणार नाही. १९४० च्या मार्च महिन्यापासून हार्मोनियमला नभोवाणीवर मज्जाव करण्यात आला होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी त्या वाद्याविरुद्ध लिहिले होते, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीही त्याविषयी आपली तीव्र नापसंती कळविली होती. आक्षेप शास्त्रीय होता: पेटीच्या पट्ट्या ठरावीक स्वरांत बांधलेल्या, त्यांवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाही. हे खरेच आहे. पण मराठी माणसाच्या कानांत नाट्यपदे शिरली ती पेटीचा आणि ऑर्गनचा हात धरून, हेही तितकेच खरे. सारंगीला या बंदीने अनपेक्षित भाग्य लाभले. कोठीवरचे वाद्य म्हणून जिला नाके मुरडली जात, तिचे वादक नभोवाणीच्या केंद्रांवर मासिक वेतनाच्या करारावर नेमले गेले, आणि शनिवारच्या रात्री तिचा स्वर गायकाच्या स्वरामागून सावलीसारखा चालू लागला. पेटी मात्र तीस वर्षे दाराबाहेर राहिली. १९७१ च्या सुमारास साथीचे वाद्य म्हणून तिला मुभा मिळाली, तेव्हा केसकर मंत्रिपदावरून जाऊन बराच काळ लोटला होता आणि कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती; ज्यांनी भास्करबुवांच्या गाण्यामागे पेटी धरली, अल्लादियाखाँसाहेबांच्या सहवासात ज्यांनी आपला कान घडविला, आणि ज्यांच्या बोटांखाली त्या सदोष वाद्यातून मींडेचा भास निघे असे ऐकणारे सांगत.